प्रोबेशनवर आहे, भाच्याच्या मुंजीला दुसऱ्या राज्यात जाऊ का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. वय ३६, आयटीत आहे, एच-१बी व्हिसावर. गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या पार्टीहून परत येताना पोलिसांनी गाडी थांबवली आणि डीयूआयची, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची, केस झाली. दोनच बिअर झाल्या होत्या. पहिलीच वेळ. जानेवारीत कोर्टाने १२ महिन्यांचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी अटींवर, देखरेखीखाली बाहेर राहणं), दंड, क्लास आणि ४० तास कम्युनिटी सर्व्हिस अशी शिक्षा दिली. २६ तास झाले आहेत. महिन्यातून एकदा प्रोबेशन ऑफिसरसमोर हजेरी असते, शिवाय रोज सकाळी एका नंबरवर फोन करून आपल्याला ठरवून दिलेला रंग आज लागलाय का ते ऐकायचं. लागला तर त्याच दिवशी लघवीची टेस्ट. गाडी चालवायला मर्यादित परमिट आहे. बायको सोडून हे कोणालाही माहीत नाही.

माझ्या बहिणीच्या मुलाची मुंज मेच्या शेवटच्या शनिवारी नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला आहे. आई त्यासाठी साताऱ्याहून येते आहे. मामा मी एकटाच. मित्र म्हणतो, चार तासांचा रस्ता, शुक्रवारी रात्री निघ, रविवारी परत ये, कोणाला कळतंय? बायको म्हणते, ताप आला म्हणून सांग आणि जाऊच नकोस. ऑफिसरला विचारायचा धीर होत नाही. मागच्या खेपेला मला १० मिनिटं उशीर झाला तर तिने मान वर करूनही पाहिलं नाही. प्रोबेशनची फीही एका महिन्याची थकली आहे. काय करू? आणि दिवाळीत भारतात जाता येईल का?

– एक मामा

---

तुझ्याच वयाचा माझा एक भाचा आहे, तेव्हा अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

मुंजीला जाता येईल असं मला वाटतं. पण विचारून, आणि परवानगीचा कागद हातात घेऊन. मित्राचं अजिबात ऐकू नकोस. बायकोचा जीव घाबरलाय म्हणून ती तापाचं म्हणते, ते मी समजू शकते. पण एकुलत्या मामाने एका ई-मेलच्या भीतीपोटी भाच्याची मुंज चुकवावी, हे काही मला पटत नाही.

मी बरीच वर्षं एका काउंटीच्या कोर्टात मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम केलं. तिथला एक दिवस तुला सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पन्नाशीचे एक मराठी गृहस्थ, तुझ्यासारखेच प्रोबेशनवर. लाँग वीकेंडला कुटुंबाला घेऊन शेजारच्या राज्यात डोंगरात फिरायला गेले. कोणाला विचारलं नाही. परतताना सिग्नलला उभे असताना मागून एक पिकअप येऊन धडकली. चूक यांची काडीइतकीही नव्हती. पण अपघात म्हटल्यावर पोलीस आले, नावं लिहून घेतली, लायसन्स मशीनमध्ये घातलं. तीन आठवड्यांनी हे गृहस्थ जजसमोर उभे, आणि शेजारी मी. जजने एकच प्रश्न विचारला, "ऑफिसरला विचारलं का नाही?" ते खाली बघत म्हणाले, "लाज वाटली." मी दोन क्षण अडखळले. लाज या शब्दाला इंग्रजीत दोन-तीन शब्द आहेत, आणि कोणता निवडते त्यावर त्या माणसाचं बरंच काही अवलंबून होतं. शेवटी मी 'अशेम्ड' म्हटलं. जज थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ऑफिसरने परवानगी दिली असती असं मला वाटतं. त्या दिवशी त्यांचं थोडक्यात भागलं, वाढीव कम्युनिटी सर्व्हिसवर सुटले. सगळ्यांचं तसं भागत नाही. अट मोडल्याचं ठरलं तर जज उरलेले महिने तुरुंगात काढायला लावू शकतात. आणि ते ठरवायला नव्या खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, बऱ्याच कमी पुराव्यावर काम होतं.

मित्र म्हणतो कोणाला कळतंय. शनिवारी सकाळी तुझा रंग लागला तर? तू शार्लटला सोवळं नेसून बसलेला आणि लॅब अटलांटात, संध्याकाळी बंद होणारी. हुकलेली टेस्ट बहुतेक ठिकाणी दारू सापडल्यासारखीच धरतात. शिवाय मुंजीचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवरून कुठे कुठे जातात ते तुलाही माहीत आहे.

आता कामाचं. जानेवारीत कोर्टातून मिळालेला शिक्षेचा कागद शोध. बहुतेकांनी तो त्या दिवशी सही करून घडी घालून ठेवलेला असतो, पुन्हा उघडलेलाच नसतो. त्यात आधी सर्वसाधारण अटी असतात, खाली किंवा मागच्या पानावर तुझ्या केसपुरत्या खास अटी. राज्य सोडून जाण्याबद्दलचं वाक्य शब्दन् शब्द वाच. 'प्रोबेशन ऑफिसरच्या परवानगीशिवाय' असं असेल तर ऑफिसरचा कागद पुरे. 'कोर्टाच्या परवानगीशिवाय' असं असेल तर ती हो म्हणाली तरी ते पुरत नाही, जजची सहीच लागते. जॉर्जियात साध्या गुन्ह्यांचं प्रोबेशन बऱ्याच काउंट्यांमध्ये खासगी कंपन्या बघतात, तुझंही तसंच असणार. कंपनीची ऑफिसर असो की सरकारी, जजने लिहिलेली अट तिला बदलता येत नाही.

हे सदर बाकीच्या राज्यांतही वाचलं जातं, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे आहेत, दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. कॅलिफोर्नियात पहिल्या डीयूआयला सहसा असं प्रोबेशन मिळतं ज्यात ऑफिसरच नसतो, थेट कोर्टाची देखरेख असते, आणि प्रवासाची अट कागदात असतेच असं नाही. केस फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टातली, असेल तर राज्याची नाही, त्या कोर्टाच्या विभागाची, म्हणजे फेडरल डिस्ट्रिक्टची, हद्द बघतात. न्यू जर्सी हा सगळा मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे, पण न्यूयॉर्क राज्यात असे चार आहेत, त्यामुळे क्वीन्सहून मॅनहॅटनला जाणारा माणूस राज्यात राहूनही कागदावर हद्द ओलांडतो. आणि ज्यांना दुसऱ्या राज्यात राहायलाच जायचं आहे त्यांचा रस्ता वेगळा. त्यासाठी राज्याराज्यांतला एक करार आहे, सगळी ५० राज्यं त्यात आहेत, आणि सलग ४५ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम म्हणजे तिकडे राहायला गेलात असं तो करार धरतो. पहिल्या साध्या डीयूआयला तो सहसा लागूही होत नाही. तुझ्या दोन रात्रींशी त्याचा काही संबंध नाही.

तुझ्याकडे वळते. विचारण्याआधी दोन गोष्टी उरकून टाक. थकलेली फी आजच भर आणि पावती जपून ठेव. तुझं नाव टाकलं की ऑफिसरच्या स्क्रीनवर पहिल्यांदा तेच दिसतं. आणि कम्युनिटी सर्व्हिसचे जमतील तेवढे तास या दोन-तीन शनिवारी करून घे. २६ चे ३४ झाले की तुझ्या शब्दाला वजन येतं. क्लास राहिला असेल तर निदान तारीख घेऊन ठेव.

मग ई-मेल. तोंडी नाही, फोनवर नाही. ती 'ओके' म्हणेल आणि पुढच्या महिन्यात तिची बदली होईल, नव्या माणसाला तुमचं बोलणं कुठून माहीत असणार? इंग्रजीतच लिहायचं आहे, पण मजकूर कसा असावा ते मराठीत देते:

'माझा केस नंबर अमुक. दिनांक अमुक शुक्रवार ते अमुक रविवार या काळात नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे जाण्याची लेखी परवानगी मिळावी, ही विनंती. माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाचा धार्मिक संस्कार शनिवारी आहे. आमच्या परंपरेत या विधीत मुलाच्या मामाला ठरलेलं स्थान असतं, आणि मी एकटाच मामा आहे. मुक्काम बहिणीच्या घरी, तिचा पत्ता आणि फोन खाली दिला आहे. प्रवास पत्नीच्या गाडीने, गाडी ती चालवेल. या काळात माझी हजेरी किंवा क्लास येत नाही. शनिवारी किंवा रविवारी माझा रंग लागला तर टेस्ट शार्लटमध्ये कुठे द्यावी, ते कृपया कळवावं. फी आजपर्यंत भरली आहे, पावती जोडली आहे. रविवारी रात्री परत येईन आणि सोमवारी सकाळी तुम्हाला कळवीन.'

एवढंच. 'दोनच बिअर' हे शब्द त्यात कुठेही येऊ देऊ नकोस. मला लिहिलेल्या पत्रातही यायला नको होते, पण तू घाबरून लिहिलंस, ते सोडून देते. त्या रात्री रस्त्यावर कोणाचंही पोर असू शकलं असतं. ऑफिसर असल्या चिठ्ठ्या रोज वाचते, आणि आपली चूक लहान करून सांगणारा माणूस तिला लगेच कळतो.

'मुंज' हा शब्द तिने कधी ऐकलेला नसणार. म्हणून पत्रिका जोड, आणि तिच्याखाली इंग्रजीत चार ओळी लिहून दे, काय विधी आहे, किती वाजता आहे, कुठल्या हॉलमध्ये आहे. पत्रिकेत आजोळचं म्हणून तुझं नाव छापलं असेल तर त्याखाली रेघ मार. इंग्रजीत 'अंकल' म्हटलं की काका, मामा, आत्याचा नवरा, शेजारचे काका सगळे एकाच पोत्यात जातात. तिला वाटेल, दहा अंकलांपैकी एक नाही गेला तर काय बिघडलं? म्हणून 'आईचा भाऊ, आणि एकुलता' असं फोडून लिही. मी कोर्टात पाहिलंय, नातं नीट समजलं की समोरच्याचा चेहरा बदलतो.

हे पत्र मुंजीच्या निदान तीन आठवडे आधी गेलं पाहिजे. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर नम्रपणे एक आठवण. एकेका ऑफिसरच्या डोक्यावर कितीतरी माणसं असतात. तुला उशीर झाला त्या दिवशी तिने मान वर केली नाही, यात तुझ्याबद्दलचा राग असेलच असं नाही. पुढच्या हजेरीला मात्र १५ मिनिटं आधी जाऊन बस.

ती नाही म्हणाली, किंवा हे माझ्या हातात नाही म्हणाली, तर तुझ्या वकिलाला सांग की प्रवासाच्या परवानगीचा अर्ज कोर्टात टाका. त्याची प्रत सरकारी वकिलाला जाते. त्यांची हरकत नसेल तर पुष्कळदा सुनावणीशिवायच जजची सही होते. थोडे पैसे जातील, पण तीन आठवडे हाताशी असतील तर हेही होण्यासारखं आहे. म्हणून तर लवकर लिही म्हणते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते, आणि तिच्यात लोक फसतात. राज्याबाहेर जाण्याची परवानगी म्हणजे गाडी चालवायची परवानगी नव्हे. तुझं मर्यादित परमिट कामावर जाणं, डॉक्टर, क्लास अशा ठरावीक कारणांपुरतं असतं, आणि दुसऱ्या राज्यात ते चालेलच असं नाही. आय-८५ हायवेवर लेक हार्टवेलचा पूल ओलांडलास की साउथ कॅरोलायना सुरू होतं, शार्लटला पोचेपर्यंत दोन राज्यांच्या हद्दी लागतात. तिथे स्टिअरिंगवर सापडलास तर ऑफिसरची परवानगी खिशात असूनही नवी केस उभी राहू शकते. दोन्ही वेळा गाडी बायकोने चालवावी. ती दमली तर रेस्ट एरियात थांबा, चहा घ्या, पण तू किल्लीला हात लावू नकोस. हॉलवरून घरी जेवणाचे डबे न्यायला म्हणूनसुद्धा नाही. एरवी विमान किंवा ॲमट्रॅकची रेल्वे आहेच.

परवानगीच्या कागदाच्या दोन प्रती काढ, एक तुझ्याजवळ, एक बायकोच्या पर्समध्ये, आणि एक फोटो फोनमध्ये. पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) सोबत ठेव. रोजचा सकाळचा फोन तिथूनही करायचाच, पूजेची गडबड असली तरी. अलार्म लावून ठेव. आणि टेस्टमध्ये दारूचे अंश तीन-चार दिवसांनीही सापडू शकतात, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनेही गोंधळ होतो. शनिवारी रात्री मेहुण्याचे मित्र बाटली उघडून बसतील, आग्रह करतील, तेव्हा त्या खोलीत थांबूच नकोस.

आता सगळ्यात अवघड भाग. वरच्या पत्रात बहिणीचा पत्ता आणि फोन आहे, बघितलंस ना? ऑफिसर तिला फोन करून खात्री करून घेऊ शकते. म्हणजे बहिणीला आधी सांगावंच लागेल. खरं तर ऑफिसरपेक्षा तुला हेच जड जातंय असं तुझं पत्र वाचून मला वाटलं. ऑक्टोबरपासून तू आणि तुझी बायको दोघंच हे ओझं वाहताय. बहिणीला आज रात्री फोन कर. 'ताई, माझ्याकडून एक चूक झाली आहे, मी त्याची शिक्षा भोगतोय, आणि तुझ्याकडे यायला मला परवानगी काढायची आहे', इतकं बोललास की पुढचं ती बोलेल. ती रागावेल, रडेलही कदाचित. पण मुंजीच्या आदल्या दिवशी तुझा तापाचा मेसेज वाचण्यापेक्षा तिला हे चालेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आईला सांगायचं की नाही, ते तुम्ही भावंडं ठरवा. मी असते तर सांगितलं असतं, पण अमेरिकेत उतरल्याच्या दिवशी नाही, आणि मुंजीच्या आधीही नाही. सगळं पार पडलं की एखाद्या दुपारी शांतपणे. तू गाडी का चालवत नाहीस हे ती दोन दिवसांत विचारेलच, तेव्हा खोटं रचू नकोस. 'नंतर सांगतो, आई' म्हटलेलं आईला पुरतं.

राहिली दिवाळी. इथे मी तुला थांबवणार आहे. देशाबाहेर जायला परवानगी लागते ती वेगळी आणि जास्त कडक, बहुधा जजकडूनच. पण तो भाग लहान आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१५ पासून डीयूआयची अटक झालेल्यांचे व्हिसा रद्द करायला सुरुवात केली. दोषी ठरण्याचीही वाट बघत नाहीत, अटकेची नोंद पुरते. याची सूचना बहुतेकदा व्हिसाच्या फॉर्मवर दिलेल्या ई-मेलवर येते. तुझा तो जुना ई-मेल, कदाचित कॉलेजच्या काळातला, आजच उघड आणि स्पॅम फोल्डरही बघ. व्हिसा रद्द झाला म्हणून इथलं काम सहसा थांबत नाही, इथे राहणंही आपोआप बेकायदा होत नाही. मात्र एकदा देशाबाहेर पडलास की मुंबईला नवं स्टॅम्पिंग करूनच परत येता येतं. फॉर्ममध्ये अटकेच्या प्रश्नाला 'हो' लिहावं लागतं, आणि वकिलातीने ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी होते. त्याला आठवडे लागू शकतात, जास्तही. तोवर नोकरी इकडे, बायको इकडे आणि तू तिकडे अडकलेला. इमिग्रेशनच्या वकिलाला तासभर भेटल्याशिवाय भारताचं तिकीट काढू नकोस. तुझ्या डीयूआयच्या वकिलाचं हे काम नाही, हा वकील वेगळा. माझं मत विचारशील तर या दिवाळीला तू इथेच राहा. प्रोबेशन जानेवारीत संपेल, मग निवांत विचार कर. आणि या वर्षी आई इथे येतेच आहे.

परत आल्यावर सोमवारी सकाळी ऑफिसरला दोन ओळी पाठवायच्या, 'काल रात्री परत आलो, धन्यवाद', हे विसरू नकोस. पुढच्या वेळी काही विचारायची वेळ आली तर तिला तू त्या दोन ओळींवरून आठवशील.

ई-मेलचा इंग्रजी मसुदा पाठवण्याआधी मला दाखवायचा असेल तर खुशाल पाठव, रात्री बसून वाचेन. पण बहिणीचा फोन त्याच्या आधी.

बटूला माझे अनेक आशीर्वाद.

– ताई